मुठा कालवा आणि स्वस्त पाण्याची दीडशे वर्षे

मुठा नदीवर खडकवासल्याला बांधलेले धरण आणि त्यातून निघालेले दोन कालवे ही दख्खनमधल्या सरकारी पाटबंधाऱ्यांच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक. शेतकऱ्याला धरणाचे पाणी द्यायचे, त्यासाठी लागणारा पैसा सरकारने घालायचा आणि शेतकऱ्याकडून खर्चापेक्षा कमी पाणीपट्टी घ्यायची, ही महाराष्ट्रातली व्यवस्था याच कालव्यावर घडली. ती औदार्यातून जन्मली नाही. सरकारला धंदा फायद्यात चालवायचा होता, तो चालेना. तो चालावा म्हणून केलेल्या सोयी पुढे हक्क बनल्या. पुणे जिल्ह्यातला ऊस, खारवटलेली जमीन, कालव्याच्या शेवटाची कोरडी चारी आणि आज शहर व ग्रामीण भाग यांच्यात पेटलेला पाण्याचा वाद, या सगळ्यांची मुळे त्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत सापडतात.

पुणे जिल्ह्याचा पाऊस फार थोड्या अंतरात बदलतो. घाटमाथ्यावर तो २,००० मिलिमीटरच्या पुढे जातो, तर दौंड-इंदापूरकडे जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास उरतो, आणि तोही भरवशाचा नाही. कालव्यापूर्वी या पूर्व पट्ट्यात बागाईत होती ती विहिरींवर. बैलांची मोट, थोडा भाजीपाला, थोडा ऊस, उन्हाळ्यात जनावरांना चारा. एका विहिरीवर दोन-चार एकरांपलीकडे काही भिजत नसे. ओढ्यांवरचे छोटे बंधारे आणि त्यांचे पाट होते, पण ते जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या भागात जास्त. सरकारची मदत म्हणजे तगाई: विहीर खोदायला किंवा बैल घ्यायला दिलेले कर्ज. पेशवाईतली ही पद्धत इंग्रजांनी चालू ठेवली आणि पुढे १८८३चा जमीन सुधारणा कर्ज कायदा व १८८४चा शेतकरी कर्ज कायदा यांनी तिला कायद्याचे रूप दिले. या मदतीत एक गोष्ट स्पष्ट होती. विहीर शेतकऱ्याची, कर्ज शेतकऱ्याचे आणि पाणी किती वापरायचे याची मर्यादा बैलांच्या दमाने ठरलेली.

१८६३-६४च्या अवर्षणानंतर मुंबई सरकारने पुण्याच्या पूर्वेकडच्या भागासाठी मोठ्या कालव्याचा विचार सुरू केला. रॉयल इंजिनिअर्सचे फाइफ यांनी पाहणी करून खडकवासल्याची जागा निवडली. १८६०च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू झाले आणि पुढचे दशक संपता संपता दगडी धरण उभे राहिले. जलाशयाला 'लेक फाइफ' असे नाव मिळाले. उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याने, हडपसर, मांजरी, लोणी काळभोर, उरुळी, यवत असा पाटसच्या दिशेने सुमारे ७० मैल गेला. डावा कालवा छोटा, अठरा-एक मैलांचा; तो नदीच्या दुसऱ्या बाजूने खडकीकडे जाई. आज तो शहराच्या पोटात गेला आहे आणि 'कॅनॉल रोड' या नावापुरता उरला आहे.

या योजनेचा उद्देश पहिल्यापासून दुहेरी होता. पूर्वेकडच्या शेतीला पाणी आणि पुणे व खडकीच्या लष्करी छावण्यांना पिण्याचे पाणी. धरण शेतकऱ्यांसाठी बांधले आणि शहराने नंतर पाणी पळवले, असे आज बोलले जाते ते पूर्ण खरे नाही. शहर पहिल्या दिवसापासून या पाण्याचे वाटेकरी होते. त्याचा वाटा तेव्हा अगदी लहान होता, एवढेच.

कालवा वाहू लागला तेव्हा अडचण अनपेक्षित बाजूने आली: पाणी घ्यायला शेतकरी पुढे येईनात. त्यामागे अडाणीपणा होता असे इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले, पण शेतकऱ्याचा हिशेब पक्का होता. काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी पावसाच्या ओलीवर येत असे. पाऊस बरा झाला तर कालव्याच्या पाण्याची गरज नाही, मग एकरी पाणीपट्टी का भरायची? पाऊस गेला तर सगळेच एकदम पाणी मागत, आणि तेवढे पाणी कालव्यात नसे. शिवाय बागाईत करायची तर जमीन सपाट करा, चाऱ्या काढा, खत घाला, जादा बैल ठेवा. एवढे भांडवल कोणाकडे? कालव्याचा पूर्वेकडचा भाग ज्यात येई तो हाच भिमथडी तालुका, जिथे सुप्याच्या बाजारात १८७५च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. कर्जात बुडालेल्या माणसाला बागाईत करायला आणखी कर्ज काढ असे सांगण्यासारखे ते होते.

१८७९मध्ये मुंबई पाटबंधारे कायदा झाला. पुढची जवळपास शंभर वर्षे, म्हणजे १९७६चा महाराष्ट्र पाटबंधारे कायदा येईपर्यंत, कालव्यांचा कारभार त्याच्यावर चालला. पाण्यासाठी शेतकऱ्याने अर्ज करायचा, खात्याने मंजुरी द्यायची, पट्टी सरकारने ठरवायची. कालव्याच्या पाझरामुळे शेजारच्या विहिरीला पाणी वाढले तर त्यावरही आकारणीची तरतूद होती. आणि सगळ्यात दूरगामी गोष्ट अशी की पट्टी एकरावर व पिकावर ठरली, पाण्याच्या मापावर नाही. उसाच्या एका एकराला अमुक रुपये, ज्वारीच्या एकराला तमुक. मंजुरी मिळाल्यावर त्या एकरात दहा पाळ्या पाणी सोडले काय किंवा वीस, पट्टी तीच. पाणी वाचवणाऱ्याला काही मिळत नसे, जास्त घेणाऱ्याला काही द्यावे लागत नसे. स्वस्त पाण्याच्या पुढच्या सगळ्या इतिहासात दर किती, यावर भरपूर वाद झाले. दर कशावर, हा प्रश्न मात्र सव्वाशे वर्षे जवळजवळ कोणी धसाला लावला नाही.

अपवाद जोतीराव फुले यांचा. मांजरीला कालव्याच्या पट्ट्यात त्यांची स्वतःची शेती होती, आणि १८७६पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते; शेताचे आणि शहराचे पाणी त्यांनी दोन्हीकडून पाहिले होते. १८८३मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी इरिगेशन खात्यावर कडक टीका केली आहे. पट्टी वेळेवर वसूल होते, पाणी वेळेवर येत नाही, पीक वाळले तर जबाबदार कोणी नाही, आणि कालव्यावरच्या नोकरशाहीचा पगार मात्र शेतकऱ्याच्या पट्टीतून निघतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय आज वाचताना थक्क व्हायला होते: प्रत्येक शेतकऱ्याच्या जमिनीच्या मानाने त्याला एक तोटी करून द्यावी आणि तेवढेच पाणी जाऊ द्यावे. जोडीला डोंगरउतारावर ताली, बंधारे आणि तळी करून पावसाचे पाणी जागीच मुरवावे, असेही त्यांनी सांगितले. पाणी मोजून देण्याचे तत्त्व सरकारच्या कायद्यात यायला त्यानंतर १२२ वर्षे गेली.

सरकारने निवडलेला मार्ग उसाचा होता. १८७६-७८च्या दुष्काळानंतर नीरा नदीचे काम हाती घेतले गेले. नीरा डावा कालवा १८८५मध्ये सुरू झाला, त्याला पाणी पुरवणारे वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १८९०च्या दशकाच्या आरंभी पुरे झाले. मुठा आणि नीरा या दोन्ही कालव्यांची अडचण सारखीच होती. दुष्काळात माणसे जगवण्यासाठी बांधलेल्या या कामांकडून तिजोरीला व्याज सुटेल एवढे उत्पन्नही हवे होते. ज्वारी-बाजरीच्या पट्टीतून ते निघणे अशक्य. ऊस मात्र बारा-चौदा महिने शेतात उभा राहतो, पाऊस पडो न पडो दर पाळीला पाणी मागतो आणि एकरी पट्टी सगळ्यात जास्त भरतो. थोड्या एकरांतून मोठी वसुली, पाटकऱ्यांना फिरायला कमी क्षेत्र, मागणी वर्षभर सारखी: खात्याला आणखी काय हवे? मांजरीला १८९०च्या दशकात उसाचे सरकारी प्रयोग सुरू झाले, शहराचे मैलापाणी खत म्हणून वापरून पाहिले गेले. सासवडकडचे माळी शेतकरी, ज्यांना उसाची आणि गुऱ्हाळाची जाण होती, ते कालव्यांच्या कडेने जमिनी खंडाने घेत नीरेच्या आणि पुढे गोदावरी-प्रवरेच्या पट्ट्यात पोहोचले.

जमीन आणि भांडवल असणाऱ्यांनी पाणी उचलले. कालव्याच्या सुरुवातीला ज्यांची शेते होती, त्यांना ते हाताशी मिळाले. शेवटच्या गावांपर्यंत, म्हणजे ज्यांच्यासाठी कालवा बांधल्याचे सांगितले गेले त्या खऱ्या अवर्षणप्रवण गावांपर्यंत, ते उरतच नसे. सरकारने पाण्याची पट्टी कमी ठेवण्याचा फायदा अशा रीतीने सगळ्यांत गरजू शेतकऱ्याला न जाता दाराजवळच्याला गेला. पाटबंधाऱ्यांच्या अनुदानावरची आजची कोणतीही पाहणी हेच सांगते. १९००च्या सुमारास ते पुरते घडून गेलेले होते.

याच काळात, १८९९च्या सुमारास, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यात कार्यकारी अभियंता म्हणून आले. खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी १९०३मध्ये स्वयंचलित दारे बसवली. पूर आला की ती आपोआप उघडत, ओसरला की मिटत. त्यामुळे भिंत न वाढवता जलाशयात सुमारे ८ फूट जास्त पाणी साठवता येऊ लागले. तंत्र म्हणून हे काम वाखाणले गेले. त्यांनी केलेली दुसरी गोष्ट तितकी प्रसिद्ध नाही, पण शेतकऱ्यांच्या आयुष्यावर तिचा परिणाम जास्त झाला: ब्लॉक पद्धत. जागोजाग विखुरलेल्या उसाला पाणी देण्याऐवजी गावातला एक सलग पट्टा निवडायचा, त्याला ठरावीक वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, पट्ट्यातल्या साधारण एक तृतीयांश जमिनीतच ऊस घ्यायचा आणि उरलेल्या जमिनीत कमी पाण्याची पिके फिरती ठेवायची. यातून जमिनीला विसावा मिळेल, पाणी अधिक गावांत पोहोचेल आणि रात्री मोकाट वाहून जाणारे पाणी थांबेल, असा विचार होता. मोठ्या बागाईतदारांना हे नियंत्रण रुचले नाही, आणि त्यांच्या बाजूने पुण्यातल्या वृत्तपत्रांत लिहिलेही गेले. अखेरीस ब्लॉक मान्य झाले, पण त्यांचा परिणाम उलटा निघाला. ज्याला ब्लॉक मिळाला, त्याच्या जमिनीला सरकारने पाण्याची लेखी हमी दिली. ब्लॉकची जमीन आणि ब्लॉकबाहेरची जमीन यांच्या किमतीत, लग्नाच्या बोलणीत, सावकाराकडच्या पतीत फरक पडला. वाटप करण्यासाठी काढलेली योजना मालकीसारखी वागू लागली.

सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखालच्या १९०१-०३च्या पाटबंधारे आयोगाने दख्खनच्या कालव्यांचा वेगळा विचार केला. इथले कालवे पंजाबसारखे पैसे मिळवून देणार नाहीत, त्यांच्याकडे दुष्काळनिवारणाचा खर्च वाचवणारी कामे म्हणून पाहावे, ही भूमिका त्यानंतर रुजली. तोट्यात चालणारा कालवा सरकारने चालवणे समर्थनीय आहे, याला मिळालेली ही अधिकृत मान्यता. त्यातला तर्क बरोबर होता. पण तोटा सोसायचा तो दुष्काळात धान्य पिकावे म्हणून, आणि पाणी जाणार उसाला, ही विसंगती कोणी सोडवली नाही.

पाण्याचे माप नसल्याची किंमत जमिनीने मोजली. नीरा खोऱ्यातली काळी जमीन खोल, चिकट आणि निचऱ्याला जड. तिच्यावर वर्षभर पाणी सोडले की खालचे पाणी वर चढते, बरोबर क्षार आणते आणि उन्हाळ्यात रानावर पांढरी पापुद्री दिसू लागते. आधी ऊस पिवळा पडतो, मग उगवतच नाही. शेतकरी याला जमीन चिबडली, खारवटली असे म्हणतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१०मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पाहणी प्रसिद्ध केली. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षेच झाली होती. पाणथळ आणि निचऱ्याच्या याच प्रश्नासाठी मुंबई सरकारने १९१६मध्ये पुण्यात पाटबंधारे संशोधनाचा खास विभाग उघडला; सी. सी. इंग्लिस यांनी तो वाढवला आणि खडकवासल्याची आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा त्यातूनच उभी राहिली. नद्या, बंदरे आणि धरणांच्या प्रतिकृतींसाठी देशभर नाव असलेल्या या संस्थेची सुरुवात उसाच्या रानात साचलेल्या पाण्यापासून झाली, हे पुण्यातही फार थोड्यांना ठाऊक असते. निचऱ्याच्या चरांचा खर्च अर्थातच सरकारने केला. आधी स्वस्त पाणी, मग त्या पाण्याने बिघडलेली जमीन दुरुस्त करायला पुन्हा सरकारी पैसा.

१९३०च्या आसपास जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले आणि कालव्यावरचे बागाईतदार, विशेषतः खंडाने जमीन घेतलेले, कर्जात सापडले. त्यांना सावरणारी मदत पाण्याच्या दरातून न येता जकातीतून आली. १९३२मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि दख्खनच्या कालव्यांवर साखर कारखाने उभे राहिले. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले. सासवडच्या माळी बागाईतदारांनी एकत्र येऊन सोलापूर जिल्ह्यात माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. नीरेच्या काठी पाडेगावला १९३२मध्ये ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरपासून सुरू झालेल्या सहकारी कारखान्यांत सरकारने भागभांडवल घातले, कर्जाला हमी दिली. मुठा कालव्यावर थेऊरला यशवंत सहकारी कारखाना निघाला. आता उसाला पाणी स्वस्त, कारखान्याला भांडवल सरकारी आणि साखरेला संरक्षण, अशी तिहेरी तटबंदी झाली. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या गोखले संस्थेने गोदावरी-प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी करून १९४८मध्ये ती प्रसिद्ध केली. कालव्याचा फायदा फक्त पट्टीत मोजू नका. मजुरी, व्यापार, वाहतूक आणि सरकारला मिळणारे इतर कर यांतही मोजा, असे तिचे म्हणणे. पट्टी कमी ठेवण्याच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम युक्तिवाद आहे आणि तो खोडून काढणे सोपे नाही. कालव्याने खरोखर गावे उभी केली. शाळा, दूध संघ, पतसंस्था, दवाखाने त्याच पैशातून आले.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालच्या पाटबंधारे आयोगाने १९६२मध्ये अहवाल दिला. त्याच्या आदल्या वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे अपुरे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याची जुनी भिंतही गेली. नदीकाठचे पुणे पाण्यात बुडाले. ती हकिगत वेगळी आहे. इथे एवढेच महत्त्वाचे की पुनर्बांधणीनंतर खडकवासला साखळीचे आजचे रूप ठरले. पानशेत, वरसगाव, खूप नंतर टेमघर आणि खाली खडकवासला अशी चार धरणे, मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) साठा. २०२ किलोमीटरचा नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांत नेला गेला. त्याचे नियोजित सिंचन क्षेत्र ६२,१४६ हेक्टर.

एवढ्या क्षेत्राला पाणी पुरवायचे, तर सर्वांना बारा महिने देणे शक्य नाही, हे कागदावर मान्य होते. वि. म. दांडेकर, देऊसकर आणि देशमुख यांच्या समितीने १९७९मध्ये आठमाही पाण्याची शिफारस केली: खरीप आणि रब्बीला पाणी द्यावे, उन्हाळ्यात बारमाही पिकाला कालव्याचे पाणी देऊ नये. पुढे सरकारने हे धोरण स्वीकारलेही. ऊस मात्र कमी झाला नाही. कालव्याच्या पाझराने भरलेल्या विहिरी, नदीवरचे उपसा पंप, उजनी धरणाच्या फुगवट्यातले पाणी यांवर उन्हाळ्यातला ऊस तगला. अर्ज आठ महिन्यांचा, पीक बारा महिन्यांचे.

त्याआधीच, १९७२च्या दुष्काळात, पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसे बघून त्यांनी प्रश्न वेगळा मांडला: कालवा जिथे कधीच पोहोचणार नाही तिथल्या शेतकऱ्याचा सरकारी पैशावर आणि पाण्यावर काही हक्क लागतो की नाही? नायगावला देवस्थानाची ४० एकर पडीक जमीन खंडाने घेऊन त्यांनी प्रयोग केला. पाणलोटात पाणी अडवले, विहीर घेतली आणि मग त्या अनुभवावर त्यांच्या ग्राम गौरव प्रतिष्ठानच्या पाणी पंचायत योजना उभ्या राहिल्या. त्यांचे नियम साधे आणि कडक होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस लावायचा नाही. खर्चातला पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा, निम्मा सरकारी अनुदानातून आणि उरलेला ३० टक्के प्रतिष्ठानने बिनव्याजी द्यायचा.

या योजनेत सरकारी अनुदान होतेच, आणि ते थोडेही नव्हते. फरक अटींचा होता. मुठा कालव्यावर सरकारने पाणी स्वस्त दिले आणि पीक कोणते, पाणी किती, वाटा कोणाचा, हे सगळे ज्याच्या त्याच्या ताकदीवर सोडले. नायगावात पैसा घेण्याआधी तिन्ही गोष्टी ठरल्या. पुरंदरमध्ये अशा काही डझन योजना झाल्या; सगळ्या टिकल्या नाहीत. विजेचे बिल, पंपाची दुरुस्ती, पाऊस कमी झाल्यावर विहिरींची खालावलेली पातळी, आणि शेजारच्या गावात बिनअटीचे पाणी मिळत असताना आपणच ऊस का लावायचा नाही, हा रास्त प्रश्न. एकीकडे अट आणि दुसरीकडे मोकळीक, असे दोन्ही सरकारी पैशानेच चालले की अट टिकत नाही. आज पुरंदरला पुरंदर उपसा योजनेतून पाणी जाते. पुण्याच्या खाली मुळा-मुठेचे पाणी कोरेगाव मूळजवळून उचलले जाते, आणि अशा मोठ्या उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकार व १९ टक्के लाभधारक उचलतात.

विजेची सवलत हा अनुदानाचा दुसरा हात. कृषिपंपाला मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक आकारणी आली आणि एकरी पाणीपट्टीचा जुना दोष जमिनीखालच्या पाण्यालाही लागला: पंप चार तास चालवा की चौदा, बिल तेच. २००४च्या निवडणुकीपूर्वी वीज माफ झाली आणि पुढच्या वर्षी ती माफी मागे घेतली गेली. २०२४मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षांसाठी मोफत विजेची योजना आली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने यात न्याय आहे. कालव्यावरच्याला पाणी उचलायला वीज लागत नाही, याला दोनशे फुटांवरून उपसावे लागते. सवलत नको म्हणायची तर ती दोघांचीही काढावी लागेल. पण मोफत विजेचा खरा लाभ ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्यालाच होतो. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावातल्या शेतकऱ्याला फुकटच्या विजेचा उपयोग नाही.

ठिबक सिंचनाला राज्याने १९८६-८७पासून अनुदान दिले. केंद्राच्या योजनेत आज अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के मिळतात. राज्याची पूरक मदत धरून हे प्रमाण अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते. ठिबकने एकरी पाणी वाचते, तण कमी होते, उसाचे उत्पादन वाढते. वाचलेले पाणी मात्र नदीत किंवा शेवटच्या चारीत जात नाही. ज्याने वाचवले तो त्यावर आणखी दोन एकर भिजवतो. त्याच्या जागी कोणीही तेच करील, कारण वाचलेल्या पाण्यावर त्याच्याशिवाय कोणाचा हक्क लिहिलेला नाही. राज्याच्या पिकाखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा चार-पाच टक्क्यांच्या घरात असताना सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा निम्म्याहून जास्त मानला जातो. हे प्रमाण ठिबकच्या चार दशकांत मोडलेले नाही.

पाणी मोजून देण्याची गोष्ट कायद्यात आली ती २००५मध्ये. त्या वर्षी दोन कायदे झाले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केले, दुसऱ्याने पाणी वापर संस्थांमार्फत शेतकऱ्यांकडे कालव्याचे व्यवस्थापन सोपवण्याची तरतूद केली. संस्थेला घनमापाने पाणी मोजून द्यायचे, तिने ते सभासदांत वाटायचे. दर ठरवताना देखभाल-दुरुस्तीचा खर्च निघावा एवढीच अपेक्षा ठेवली गेली. धरण बांधायला लागलेले भांडवल वसूल करण्याचा विचार कायद्याने सोडून दिला. अधिसूचित क्षेत्रात ठिबक-तुषारशिवाय बारमाही पिकाला कालव्याचे पाणी देऊ नये, असेही कलम प्राधिकरणाच्या कायद्यात आहे. काही जिल्ह्यांत संस्थांनी उत्तम काम केले. मुठा कालव्यावर मोजमापाची व्यवस्था बसण्याआधीच वेगळा प्रश्न समोर येऊन उभा राहिला: मोजून द्यायला पाणीच उरेना.

१९६१मध्ये सहा लाखांच्या आसपास असलेल्या पुण्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ३१ लाखांवर गेली आणि त्यानंतर आणखी गावे महापालिकेत आली. महापालिकेचा मंजूर कोटा ११.५ टीएमसीचा असताना प्रत्यक्ष उचल १५ टीएमसीच्या पुढे गेली. पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम, ही राज्याची जलनीती, आणि तिच्याबद्दल कोणाचा वाद नाही. दौंड-इंदापूरचे शेतकरी विचारतात ते वेगळे. शहरात गळती किती? बांधकाम, गाड्या धुणे आणि बागा हे पिण्याच्या पाण्यात कसे बसतात? प्राधिकरणापुढे तक्रारी गेल्या, सुनावण्या झाल्या. हा आक्षेप खरा आहे आणि त्याची एक बाजू शहराने कधी नीट ऐकलेली नाही: पुण्यातली घरगुती पाणीपट्टीही वर्षानुवर्षे मिळकतीच्या मूल्यावर बेतलेली राहिली, वापरावर नाही. एकरावर पट्टी भरणारा बागाईतदार आणि घराच्या मूल्यावर पट्टी भरणारा पुणेकर, दोघेही सारख्याच बिनमापाच्या सवलतीवर आहेत. शेतकऱ्याची सवलत अर्थसंकल्पात दिसते, शहराची दिसत नाही.

तडजोड म्हणून महापालिकेने दर वर्षी साडेसहा टीएमसी सांडपाणी प्रक्रिया करून शेतीला द्यायचे ठरले. मुंढव्याच्या जॅकवेलमधून ते जुन्या, 'बेबी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कालव्यात सोडले जाते. ज्या मांजरीत सव्वाशे वर्षांपूर्वी मैलापाण्यावर ऊस पिकवून पाहिला, त्याच पट्ट्यात आज विहिरींना फेस आणि वास येतो अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे, कारण शहराची प्रक्रिया क्षमता सांडपाण्याच्या मानाने अपुरी आहे.

कालवा स्वतः आता शहराच्या मधून वाहतो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ तो फुटला आणि जनता वसाहतीच्या परिसरातली घरे पाण्यात गेली. खडकवासला ते फुरसुंगी हा भाग बोगद्यातून नेण्याची योजना त्यानंतर पुढे सरकली. गळती, बाष्पीभवन आणि चोरी थांबून दोन टीएमसीहून जास्त पाणी वाचेल, असा तिचा हिशेब मांडला जातो. त्या हिशेबात गळती म्हणून धरलेल्या पाण्याचा काही भाग हडपसरपासून पुढच्या विहिरींत पाझरून उतरतो. १८७९च्या कायद्याने त्या पाझराची पट्टी लावण्याची सोय केली होती. बोगदा झाल्यावर तो पाझर बंद होईल, आणि वाचलेले पाणी शेवटच्या इंदापूरच्या चाऱ्यांना जाईल की वाटेतच शहराच्या वाढीव मागणीत मुरेल, हे पाणीवाटपाच्या कोणत्याही करारात अजून लिहिलेले नाही.